गहिनीनाथने बसवलेलं नवं इंजन

रेश्माची लाल गाडी डोंगरातल्या चढावरून उडाली, हवेत गेली आणि खाली यायचं विसरली. चाकं अधांतरी, मागची धूळ जागच्या जागी, आणि स्पीकरमधून एकच न संपणारा आवाज, सायलेन्सर फुटलेल्या जीपसारखा. खोलीत दाटीवाटीने बसलेली सगळी आळी श्वास रोखून बघत होती.

"काय उडी हाय राव!" बन्सी म्हणाला. "आता खाली कवा येनार?"

"नाही येणार, काका." रेश्माने माऊस हलवून पाहिला, चार-दोन बटणं दाबून पाहिली. "कॉम्प्युटर हँग झालाय."

मागे उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी, गहिनीनाथने, घसा खाकरला. तिसगाव ते नगर अशी त्याची स्वतःची जीप होती आणि बन्सी हा त्याच रस्त्यावरचा दुसरा जीपवाला. इतर कुणासमोर चाललं असतं, बन्सीसमोर हे व्हायला नको होतं.

"हँग न्हाई, थांबलाय," गहिनीनाथ म्हणाला. "आजच नवं इंजन बसवलंय त्याला. नवं इंजन पैल्यांदा जरा दम खातं."

बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला. गाडी झकास पळाली आणि या वेळी पुलावर थांबली. तिसऱ्या खेपेला पहिल्या वळणापर्यंतही पोचली नाही. मग लोक उठले. जाताना प्रत्येकाने गहिनीनाथच्या खांद्यावर हात ठेवला, नापास झालेल्या पोराच्या बापाच्या खांद्यावर ठेवतात तसा.

एरवी हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण रविवारी रंगनाथमामा येणार होते.

रंगनाथमामा म्हणजे रेश्माच्या आईचे, भागिरथीचे, धाकटे भाऊ. नगरला सावेडीत राहत, एका कचेरीत होते. हा कॉम्प्युटर मुळात त्यांचाच. दिवाळीत त्यांनी नवा घेतला आणि जुना भाचीला दिला. दिला खरा, पण देणाऱ्याला दिलेलं विसरता येत नाही. जामखेडला एका लग्नात पंगत बसलेली असताना ते चार पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "तो जुना डबा टायपिंगपुरता ठीक आहे. आमचा हर्षल आता नवीन गाड्यांची गेम खेळतो. त्यात त्याचा हात धरणारा नगरमध्ये नाही."

गहिनीनाथचा बुंदीचा घास हातातच राहिला. "आमची रेश्मा धरंल की."

"त्या डब्यावर? दाजी, तो डबा ती गेम ओढायचाच नाही."

"न्हाई ओढला तर ओढायला लावू."

"मग ठरलं. मे महिन्यात हर्षलला घेऊन येतो. चालली गेम तर आनंद आहे. नाही चालली तर डबा परत नेतो आणि ओळखीच्या एका क्लासला देऊन टाकतो. तिथं पोरं निदान टायपिंग तरी शिकतील."

"न्या," गहिनीनाथ म्हणाला. शेजारच्या पाटावर रेश्मा बसली आहे हे त्याला 'न्या' म्हणून झाल्यावर दिसलं. तेरा वर्षांची पोर वर न बघता भात कालवत होती, आणि बराच वेळ नुसती कालवतच राहिली.

म्हणून मग नगरच्या दुकानातून सामान आलं. नवा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो गार राहावा म्हणून त्याच्या डोक्यावर बसवायचा पंखा, खाली अॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असलेला. आणि रॅमची एक पट्टी. दुकानदार म्हणाला, "पेटी इथं सोडा, परवा बसवून देतो." गहिनीनाथला तो अपमान वाटला. "आख्खं इंजन उतरवून बसवनारा मानूस हाय मी," तो म्हणाला, आणि कुठलं काय कुठं बसतं ते नीट बघून, समजून घेऊन घरी आला.

घरी कॉटवर धुतलेली चादर अंथरली. स्क्रू ठेवायला स्टीलचं ताट घेतलं. खोक्यातून एकेक वस्तू तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि जशी आली तशी बसवली. नव्या वस्तूचं नवेपण मोडायचं नाही ही त्या घराची रीत होती. भिंतीवरचं घड्याळ प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच वेळ सांगे. टीव्हीचा रिमोट पिशवीत होता. जीपच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक तर गाडी घेतल्यापासून निघालं नव्हतं, करंजी घाटातल्या वळणावर माणसं त्यावरून घसरून एकमेकांच्या मांडीवर जात, आणि कुणी कुरकुर केली की गहिनीनाथ अभिमानाने सांगे, "कंपनीचं हाय. लोकांच्या गाडीला बघा, हाय का?"

असं सगळं निगुतीने करूनही गाडी हवेत लटकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून इलाज सुरू झाले. भागिरथीने आधी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. "काल आख्खी आळी येऊन बघून गेली. नजर न लागंल तर काय व्हईल?" रेश्माने गाडी सुरू केली. गाडी पूल ओलांडून डोंगराच्या चढावर थांबली.

मग बन्सी आला. रात्रभर विचार करून आल्यासारखा त्याचा चेहरा होता. "गहिनीनाथ, तुला सांगू का, ही पोरगी गाडी लई रेमटती. एवढ्या स्पीडनं कुठलंबी नवं इंजन जाम व्हनारच. रनिंगमधी हाय ना अजून? नवं हाय तवर हळूच चालवायचं आसतं."

"व्हय की," गहिनीनाथला ते एकदम पटलं. "रेश्मा, चाळीसच्या वर जायाचं न्हाई. साईड दी मागच्यांना."

"अण्णा, ही शर्यत आहे!"

"आसंना का. इंजन आपलं हाय."

रेश्माने चाळीसच्या वेगाने शर्यत सुरू केली. निळी, पिवळी, हिरवी अशा सगळ्या गाड्या तिच्या अंगावरून सूं करून गेल्या, फेरी मारून परत आल्या आणि पुन्हा पुढे गेल्या. बन्सी खिडकीतून मान डोलावत होता. "आता कशी चाललीय. लगीनघरच्या वऱ्हाडावानी." इतक्यात वऱ्हाड थांबलं.

"व्होल्टेज," गहिनीनाथ म्हणाला. "छबूबाईची गिरनी चालू झाली की आपला बल्ब डुलक्या घेतो. तेच हाय ह्ये."

छबूबाईची पिठाची गिरणी भिंतीला भिंत लागून होती. गिरणी घटकाभर थांबवावी अशी विनंती ऐकून छबूबाईने कमरेवर हात ठेवले. "पोरीच्या खेळापायी लोकांनी काय कच्चे गहू खायाचे?"

"खेळ न्हाई छबूबाई, रविवारी माझा मेव्हना यायचाय."

मेव्हण्याचं नाव काढल्यावर छबूबाईचा सूर बदलला. मेव्हण्यापुढे मान खाली जाणं काय असतं ते तिला ठाऊक असावं. तिने खटका खाली ओढला आणि, "बघू तरी काय व्हतंय ते," म्हणून स्वतःच आली. तिच्या मागून दळणाचे डबे घेऊन रांगेत बसलेल्या बायाही आल्या. भागिरथीने चहाचं आधण ठेवलं. गिरणी बंद, पंखा बंद, बल्ब बंद, आणि लाल गाडी पुन्हा एकदा पुलावर उभी.

"त्यो पूलच खचलाय," एक बाई म्हणाली.

"मला वाटतं आई, नेऊ दे मामाला," रेश्मा हळूच म्हणाली. भागिरथीने चहा गाळता गाळता तिच्याकडे पाहिलं, आणि भावाच्या नावाने जे काही तोंडात आलं ते चहाबरोबर गाळून टाकलं.

त्या रांगेत सहादेव गुरुजीही होते, हातात गव्हाचा डबा घेऊन. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी विज्ञान शिकवलं होतं; गहिनीनाथलाही. ते डबा खाली ठेवून रेश्माच्या शेजारी बसले.

"बाळ, मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले, "म्हणून विचारतो. राग मानू नको. आत्तापर्यंत काय काय करून पाहिलं?"

रेश्माने सांगितलं.

"म्हणजे गिरणी, पंखा आणि बल्ब एकदमच बंद केले. समजा गाडी चालली असती, तर तुला काय कळलं असतं?"

रेश्मा विचारात पडली. "तिघांपैकी कुणामुळे ते... नसतं कळलं."

"हां. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं होतं तसं. आता सांग, दर वेळी गेम लावल्यावरच हा थांबतोय. गेमनेच हे होतं, हे कसं ठरवशील?"

"गेम न लावता चालू ठेवून बघायचा."

"बघ की."

छबूबाईने गिरणी पुन्हा चालू केली. रेश्माने गेम बंद केली आणि रिकाम्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "हे थांबलं की समजायचं हँग झाला." सगळेजण त्या घड्याळाकडे आणि भिंतीवरच्या पिशवीतल्या घड्याळाकडे आळीपाळीने बघू लागले.

छबूबाई दळण घालून परत डोकावली. "ह्यो कंचा खेळ?"

"घड्याळ थांबतंय का बघायचा," बन्सी म्हणाला.

"कोन जिंकतंय?"

तेवढ्यात भिंतीवरचा काटा पुढे सरकला आणि पडद्यावरचं घड्याळ मागे राहिलं. माऊस हलेना. रेश्मा टाळी वाजवून उठली. "गेम नाही! गेमची काहीच चूक नाही!" हँग झालेल्या कॉम्प्युटरपुढे इतकी खूश झालेली पोर आळीने पहिल्यांदाच पाहिली.

"शाबास," गुरुजी म्हणाले. "आता पुढचा प्रश्न तूच विचार. मी गप्प बसतो."

रेश्मा नखं कुरतडत बसली. "सकाळी पहिल्यांदा लावला की जास्त टिकतो. बंद करून लगेच लावला की लवकर थांबतो. आई, आपण जेवून घेऊ. मग लावते."

जेवणं झाली, भांडी झाली, मग तिने लावला. सकाळइतकाच टिकला. लगेच पुन्हा लावला तर घटकेत थांबला. ती वळली ती थेट वडिलांकडे.

"अण्णा, करंजी घाटात जीप बंद पडते, तेव्हा तुम्ही लगेच का नाही चालू करत?"

"तापलेली आसती. जरा निवू द्यावी लागती. लगीच मारली तर पुना बंद..." गहिनीनाथ बोलता बोलता थांबला. मग खाली बसला. "आयला! ह्यो तापतोय?"

"पण नवा पंखा तर भरारा फिरतोय," रेश्मा म्हणाली.

आता मात्र गहिनीनाथच्या डोळ्यांत निराळीच चमक आली. दोन दिवस हा माणूस कॉम्प्युटरपुढे पाहुण्यासारखा वागत होता. आता तो स्वतःच्या घरात आला. "कंप्युटर बंद कर. पिन काढ. झाकन उघड." त्याने पंख्याखालच्या पात्यांना बोट लावलं. परत लावलं. "रेश्मा, हात लाव. काय लागतं?"

"गार आहे."

"इंजन तापून बंद पडतंय आन् रेडिएटर गार? आगं, मग इंजनाची गर्मी रेडिएटरपत्तूर येतच न्हाई! पंखा फिरून काय करंल? मधी काय तरी आडलंय."

गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "गहिनीनाथ, तू सातवीत हे उत्तर दिलं असतंस ना, तर मी तुला डोक्यावर घेतलं असतं."

"सातवीत जीप कुठं व्हती, गुर्जी!"

क्लिप सुटली, ठोकळा वर आला. रेश्माने तो उलटा केला. खाली, प्रोसेसरला जिथे टेकायचं बरोबर तिथे, एक पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, उन्हाने आखडलेल्या पापडासारखी झालेली. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. रेश्माने ती वाचली. मग वडिलांकडे पाहून, शक्य तितक्या हळू आवाजात, त्यांचं मराठी केलं.

"बसवण्याआधी काढून टाका."

बन्सीने तोंड उघडलं, भागिरथीने त्याच्या हातात चहाचा कप दिला.

"म्या म्हनलं कंपनीचं हाय," गहिनीनाथ म्हणाला.

"कंपनीचंच आहे, अण्णा," रेश्मा म्हणाली, आणि पट्टीचं टोक त्याच्या चिमटीत दिलं. "तुम्हीच काढा."

त्याने ती काढली, अंगठी काढावी तशी हळू.

संध्याकाळी लाल गाडी पूल ओलांडून गेली. डोंगर चढली, हवेत उडाली आणि धाडकन खाली आली. बाहेर छबूबाईने गिरणीतूनच आरोळी मारली, "उतरली का?"

"उतरली!" आळीने उत्तर दिलं.

रविवारी मामा आले. पायात बूट, शर्टला इस्त्री, बरोबर रेश्माच्याच वयाचा हर्षल. मामांनी आले त्या जीपच्या मागे एक रिकामं खोकंही बांधून आणलं होतं. ते बघून भागिरथी म्हणाली, "खोकं कशाला रे? जाताना कांदे न्यायचेत का?"

मोठी माणसं ओसरीवर चहाला बसली. "आधी पोरांना हात मोकळा करू द्या," मामा म्हणाले. रेश्माने गेम लावली आणि खुर्ची हर्षलला दिली. हर्षल बसला. हात मांडीवर ठेवून बसला. शर्यत सुरू झाली, सगळ्या गाड्या गेल्या, हर्षलची गाडी उभीच.

"अरे चालव ना."

हर्षलने दाराकडे पाहिलं. "कुठलं बटण?"

"म्हणजे? तू तर नगरचा चॅम्पियन."

"ते पप्पा म्हणतात." त्याचे कान लाल झाले. "मी गेमची नुसती माहिती सांगतो, त्यांना वाटतं शाळेतल्या मित्राकडे खेळतो. घरी ते हात लावू देत नाहीत, खराब होईल म्हणून. वेलबुट्टीचं कव्हर शिवून घेतलंय. रविवारी काढतात, पुसतात, परत घालतात. मला गेमच्या खोक्यावरचं सगळं पाठ आहे."

रेश्माने आता ओसरीवर नुसती हाक मारली असती, चला, लावू शर्यत, तर मामांची फजिती ठरलेली होती. पण तिने दार जरा लोटलं आणि दुसरी खुर्ची ओढली.

"हा बाण पुढे जायचा. हे ब्रेक. वळण यायच्या आधी ब्रेक दाबायचा, वळणात दाबलास की गाडी फिरते. घाई करू नको. परत. एका वेळी एकच चूक सुधारायची. परत."

ओसरीवर दुसरा चहा झाला, भजी झाली. मग सगळे आत आले. बन्सी, छबूबाई आणि गुरुजी कुणीच बोलावलेलं नसताना वेळेवर हजर झाले. प्रत्येकाने एकेक शर्यत करायची, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला, असं ठरलं. आधी रेश्मा. तिची गाडी डोंगर, पूल, बोगदा कुठेही न अडता धावली. गहिनीनाथ गाडीकडे बघत नव्हता, मामांच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग हर्षल बसला. त्याने ओठ दाताखाली धरले, प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबला, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर अशी काही गाडी सोडली की आकडे थांबले तेव्हा तो रेश्माच्या थोडा पुढे होता.

मामा उडालेच. "म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी?"

गहिनीनाथचे खांदे उतरले. गुरुजी मात्र पुढे वाकले. "बाळ, वळण यायच्या आधी ब्रेक, हे फार चांगलं करतोस. कुणी शिकवलं?"

हर्षल खरं बोलणारा मुलगा होता. "रेश्माने. आत्ताच. मी आज पहिल्यांदाच खेळलो."

मामांनी हर्षलकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे, मग दाराबाहेर काढून ठेवलेल्या स्वतःच्या बुटांकडे. "पहिल्यांदाच?"

"कव्हर असतं ना, पप्पा."

मग मामा म्हणाले, "ताई, सुट्टी संपेपर्यंत हर्षल इथं राहिला तर चालेल?"

"राहू दी की," भागिरथी म्हणाली. "खोक्यात कांदे भरून देते."

सोमवारी सकाळी तिसगावच्या स्टँडवर जीपा लागल्या होत्या. सगळ्यांना बातमी हवी होती. एका ड्रायव्हरने गहिनीनाथला गाठलं.

"काय मग? काल जिंकलं कोन?"

"आमी."

"म्हंजी रेश्मा?"

"न्हाई. हर्षल."

"आरं, त्यो तर तुझ्या मेव्हन्याचा!"

"व्हय," गहिनीनाथने जीपचा सेल मारला. इंजन एका झटक्यात सुरू झालं. "पर शिकीवलं कुनी?"